लाल फडकं आणि वाकणारा पंख

१

पोळ्याच्या दिवशी सकाळी सव्वानऊला फोन वाजला. पलीकडून पंकजा एवढंच म्हणाली, "मावशी, पंख फाटला. दोन्हीकडून. कुणीतरी मुद्दाम केलंय. तू ये."

मी चहा तसाच टाकून निघाले. तशीही बसून चहा पिणाऱ्यातली मी नाही. एसटीत सव्वीस वर्षं काढली, आधी कंडक्टर म्हणून, मग आगारात हरवलेल्या सामानाच्या आणि तक्रारींच्या खिडकीवर. ज्याची पेटी हरवली तो आणि ज्यानं ती पळवली तो, दोघेही त्या खिडकीसमोर सारखेच कळवळून बोलायचे. त्यांच्यातला फरक ओळखता ओळखता केस पांढरे झाले. निवृत्त होऊन वर्ष झालं, पण माझ्या पायांना ते अजून कळलेलं नाही.

पंकजा माझ्या थोरल्या बहिणीची, सुमनआक्काची एकुलती एक मुलगी. विमानाचं शिक्षण घेऊन ती गंगाखेडजवळ पालम रस्त्यावरच्या आपल्या शेतात परत आली आणि गेली तीन वर्षं एक बिनमाणसाचं विमान बांधत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, दिनकररावांनी, बैलजोडी विकली. तेव्हापासून विमान गोठ्यात उभं असे, अगदी लालकंधारी जोडीच्या जागेवर.

मी पोचले तेव्हा ते तिथंच होतं. बारा फुटांचे पंख, रंग पिवळाधमक, उसाच्या फडात पडलं तरी लांबून दिसावं म्हणून. पण दोन्ही पंखांचं कातडं, जिथं ते विमानाच्या पोटाला जुळतं तिथंच, फुगून सुरकुतलं होतं आणि मधोमध फाटलं होतं.

"नीट सांग," मी म्हणाले.

"साध्या विमानाच्या पंखाला मागं एक फळी असते, बिजागरीवर हलते. माझ्या पंखाला बिजागरीच नाही, मावशी. आतल्या बरगड्या वाकतात, वरचं रबर ताणतं आणि अख्खा पंख आकार बदलतो, घारीचा बदलतो तसा. म्हणून थोड्या बॅटरीत ते लांब जातं आणि एवढ्याशा बांधावर उतरतं. आज नऊला मी बटण दाबलं, पंख वाकायला लागला आणि फर्रकन फाटला."

गोदावरीला पूर आला की पलीकडची गावं तुटतात आणि सापानं डसलेल्या माणसाला लस मिळत नाही. ती लस घेऊन हे विमान जाणार होतं. उद्या सकाळी दहाला पुण्याची माणसं ते माळावर उडताना बघायला येणार होती.

"कुणावर शक?" मी विचारलं.

पंकजानं दाराकडे पाहिलं. दारात बजरंग उभा होता, तिचा कारागीर. त्याच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता.

२

आधी हरिओमला गाठलं. हा पंकजाचा भागीदार. परभणीचाच, पण पुण्यात शिकल्यापासून पुण्याचं पाणी जरा जास्तच अंगी लागलेला. अर्ध्या चड्डीत फिरतो म्हणून दिनकररावांनी त्याला घराच्या उंबऱ्याच्या आत अजून पाऊल टाकू दिलेलं नव्हतं. त्याचा चहा बाहेरच्या ओट्यावर जायचा.

"काल संध्याकाळी साडेसहाला मी आणि पंकजानं पंख शेवटचा वाकवून पाहिला," तो म्हणाला. "एकदम व्यवस्थित होता. दोघांनी मिळून कुलूप लावलं. सातच्या गाडीनं मी परभणीला घरी गेलो, आज नऊला आलो."

"चाव्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक बजरंगकडे. तो आज आठलाच आला होता. एक तास एकटा होता." मग खालच्या आवाजात, "मी कधीपासून सांगतोय, हे काम पुण्याला हलवू. तिथं असतं तर हे झालंच नसतं."

हे मी मनात टिपून ठेवलं. ज्याला बिऱ्हाड हलवायचं असतं त्याला घर गळकं असलेलं बरं वाटतं.

तेवढ्यात दिनकरराव आले. हातात काठी आणि काठीच्या टोकावर एक ओलं फडकं. नात्यानं माझे दाजी, पण आमच्यात गोड शब्द कमीच. फडकं समोर टाकून म्हणाले, "हे बग. डरमाच्या मागं दडवलं व्हतं बजरंग्यानं."

फडक्यावर लाल डाग होते. रक्तासारखे नव्हेत, जरा विटकरी.

"ही लाल पेस्ट हाय," दाजी म्हणाले. "कारखान्यात पंपाच्या जोडाला लावतेत ती. हा पोरगा तिथं व्हता ना दोन सिझन? पंकजानं त्याला बजावलं व्हतं की रबराला ही लावायची न्हाई. त्यानं लावली, रबर खाल्लं तिनं, मंग पुसून दडवलं. मी ठाण्यातल्या जमादाराला फोन केलाय. चारला येतेत."

"दाजी, लय घाई."

"घाई? ह्या रबरी घारीपायी माझा गोठा गेला, गावात हसू झालं, आन् आता ऐन टायमाला हे. तीन वर्सं झाली, पोरगी जेवायला सुदीक टायमावर येत न्हाई." ते बोलताना विमानाकडे बघत नव्हते. तीन वर्षांत त्यांनी त्या विमानाबद्दल एक बरा शब्द काढल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि पंकजानं तर नव्हतंच.

घड्याळात सव्वादहा वाजले होते.

३

बजरंग विहिरीच्या कठड्याशी उभा होता. पालमकडच्या एका वाडीतला. आई-बाप दरसाल दिवाळी झाली की बैलगाडी जुंपून ऊस तोडायला जातात. या पोरानं आयटीआय केलं, आणि घरात कोयता हातात न धरणारा तो पहिलाच.

"खरं सांग," मी म्हणाले. "पेस्ट लावलीस?"

"न्हाई लावली, मावशी. आईची आन."

"मग फडकं दडवलंस कामून?"

"मी रोज सकाळी साबणाच्या पाण्यानं पंख पुसताव. धूळ बसती. आज बी पुसला. फडकं पिळलं तर लाल! मला काय कळंना. पेस्टची नळी माझ्या पिशवीत हाय, हे समद्यास्नी ठाव. ताईनं दोनदा बजावलेलं. मी भ्यालो आन् दडवलं."

"पुसताना रबर कसं लागलं हाताला?"

"बुळबुळीत. जरा मऊ पडल्यावानी."

"आणि तेव्हाच का नाही सांगितलंस पंकजाला?"

"सांगनार व्हतो. तवर ताईनं बटण दाबलं." त्यानं कठडा धरला. "मावशी, जमादारानं नाव लिवलं की मला पुना कुनी मशिनीला हात लावू देनार न्हाई. ह्या दिवाळीला मी बी गाडीवर. बापानं माझ्यासाटी कोयता घिऊन ठिवलाच हाय, म्हनतो आसू दे."

मला त्याची दया आली, पण दया आली की मी जास्त बारकाईनं बघते. त्यानं डोळे पुसले तेव्हा त्याची नखं दिसली. दहाच्या दहा पिवळी.

पाय घराकडे वळले.

४

स्वयंपाकघरात आक्काचा पुरणाचा घाट चालला होता आणि तोंडही चालू होतं.

"बैल न्हाईत, पोळा मातीच्या बैलांचा, तरी बी पुरण घालायचंच. आन् लोणी कुठं गेलं ते घावंना. गोळाभर व्हतं काल. मांजरानं खाल्लं म्हनावं तर वाटी सुदीक न्हाई. मांजर वाटी नेतंय व्हय?"

"दाजींनी घेतलं असेल."

"ते? त्यांना घरातली वाटी कुठं असती ते तरी ठाव हाय का? पर एक गंमत सांगू? काल सांजच्याला त्यांनी आपला रुमाल सोताच धुतला. पस्तीस वर्साच्या संसारात पयल्यांदा. मी म्हनलं सूर्य कुनीकडं उगवला."

मी हसले. आमटीला फोडणी देताना आक्काच्या पदरावर हळद सांडली. ती डाग तसाच ठेवणारी बाई नाही. तिनं लगेच मोरीवर जाऊन पदराला साबण लावला, चोळला, आणि मी तिथंच थबकले.

पिवळा डाग साबणाखाली लाल झाला होता. विटकरी लाल.

हे काही मला नवीन नव्हतं. आयुष्यभर कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं. पण सकाळी दाजी पेस्ट म्हणाले आणि मीही पेस्टच पाहिली. बाकी गोठ्यात हरिओम होता, दाजी होते, बजरंग होता, आणि या तिघांनी मिळून जन्मात एक पदर धुतलेला नव्हता. पंकजानं ते फडकं काठीच्या टोकावर लांबूनच पाहिलं होतं, आणि त्या वेळी तिचं डोकं जागेवर नव्हतं.

"आक्का, लिंबू दे."

मी ते फडकं मागवलं आणि एका डागावर अर्धं लिंबू पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळा झाला. पेस्ट असती तर ती हलली नसती. ती हळद होती. पिवळ्या रबरावर लावली म्हणून कुणाला दिसली नाही, आणि साबणाचं पाणी लागलं तेव्हाच रंग दाखवून गेली.

हळद, आणि गहाळ झालेलं लोणी. कालची संध्याकाळ.

काल खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलाचा खांदा, जिथं वर्षभर जू घासतं, लोणी आणि हळदीनं मळतात. मळता मळता कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

कुणीतरी विमानाला मळणी केली होती! आणि बजरंगची दहाही नखं पिवळी होती.

५

पंकजाला बाजूला घेतलं. "तुझ्या रबराला लोणी लागलं तर?"

तिचे डोळे विस्फारले. "संपलं. अस्सल रबर आहे ते. तेल-तूप प्यायलं की फुगतं आणि कुजल्यासारखं होतं. म्हणून तर मी सगळ्यांना वंगणापासून लांब ठेवते."

"किती वेळात?"

"माहीत नाही. कधी करून पाहिलं नाही."

"मग आत्ता करू."

तिनं उरलेल्या रबराचे दोन तुकडे कापले. शेजारणीकडून आणलेल्या लोण्यात हळद कालवून मी एकाला चोळली, दुसऱ्याला बजरंगच्या नळीतली लाल पेस्ट लावली. दोन्ही तुकडे ताणून फळीवर ठोकले. अकरा वाजले होते.

मग बजरंगकडे गेले. "नखं?"

"काल आमच्या बैलाची खांदेमळणी केली की," तो म्हणाला. "त्याच्यासाटीच साडेपाचच्या एसटीनं गावाकडं गेलतो. आज आठला परत आलो."

एसटी म्हणाल तर तिथं मला कुणी फसवू शकत नाही. त्या गाडीच्या कंडक्टरला, कडूबाईला, मीच शिकवलेलं. फोनवर ती म्हणाली, "व्हय बाई, बजरंग कालच्या गाडीत व्हता. बैलाच्या गोंड्यांची पिशवी घिऊन उभा. आन् सकाळी माझ्याच गाडीनं आला, आठ वाजता उतरला."

म्हणजे साडेसहाला पंख धड होता तेव्हा बजरंग आठ कोस लांब होता. राहिला सकाळचा तो एक तास. बारा वाजता मी फळीकडे गेले. लोण्याचा तुकडा जरा ओलसर, बाकी जसाच्या तसा. एका तासात काही होत नव्हतं. मळणी सकाळची नव्हती, कालच्या संध्याकाळचीच होती.

मग आत शिरलं कोण? कुलूप शाबूत होतं. मी गोठ्याला तीन फेऱ्या मारल्या तेव्हा कडब्याच्या पेंढ्यांमागं एक बुटकं दार दिसलं. बैल असताना घरातून वैरण टाकायचं दार. त्यावरचं कोळ्याचं जाळं ताजं तुटलेलं होतं, आणि कडी घराच्या बाजूनं होती.

हरिओमकडे चावी होती, त्याला या दाराची गरजच नव्हती. शिवाय स्वयंपाकघर त्यानं पाहिलेलंच नाही, लोण्याची वाटी त्याच्या हाती लागणार कुठून? कडी काढणारा माणूस घरातला होता. पंकजा रबराजवळ लोणी नेणार नाही. आक्का सकाळपासून तेच लोणी शोधत होती. दोन्ही पंखांवर अगदी सारख्या जागी, जिथं सगळा भार येतो नेमकं तिथंच, पंजाच्या रुंदीएवढं रबर फुगलं होतं. नासवायला आलेल्याला एक पंख पुरला असता. दोन्हीकडे सारखाच हात फिरवतो तो डावं-उजवं न करणारा, जोडी पाळलेला माणूस.

मी दोरीवरचा रुमाल बघून आले. तांबूस झाला होता.

नाव कळलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच मी खाली बसले. तीन वर्षं ज्यानं पोरीचं एकदाही कौतुक केलं नाही, त्यानं गुपचूप हे केलं होतं. आणि जे केलं त्यानंच तिचा पंख फाटला, हे त्याला अजून ठाऊकही नव्हतं. आता ते मी त्याला सांगायचं होतं, किंवा बजरंगला कोयत्यावर जाऊ द्यायचं होतं.

साडेतीन वाजले. फळीवर लोण्याचा तुकडा लाटल्यासारखा पसरून सुरकुतला होता. बोट लावलं तर फाटला. पेस्टचा तुकडा ठणठणीत होता.

६

जमादार चारला आले, वहीसकट. सगळे गोठ्यात जमले. आक्का पदराला हात पुसत मागं उभी राहिली.

मी फळी समोर धरली. लिंबाची गोष्ट सांगितली, एसटीची सांगितली. "पेस्टनं काही झालेलं नाही. काल सांजेला साडेसहानंतर या पंखाला कुणीतरी लोणी-हळद लावली. रबर रातभर ते प्यायलं. ज्यानं लावली त्याला हे माहीत नव्हतं, आणि त्याच्या मनात काही वाईट नव्हतं."

नाव मी घेतलं नाही. वैरणीच्या दाराचं आणि रुमालाचंही बोलले नाही. खिडकीवर असताना मी नेहमी एवढी संधी ठेवायची, की माणसानं आपली पेटी आपणच उचलावी.

हरिओम चटकन म्हणाला, "हळद? मग बजरंगची नखं बघा! पिवळी आहेत!"

"आत्ताच सांगितलं ना, तो गावी होता."

"कंडक्टर ओळखीची आहे तुमची. आणि चावी त्याच्याकडेच आहे. कुलूप तर तुटलेलं नाही."

जमादारांनी वही उघडली. "पोरा, पूर्ण नाव सांग."

बजरंगनं पंकजाकडे पाहिलं. मी दाजींकडे बघत होते. ते फळीवरच्या त्या फाटक्या तुकड्याकडे बघत होते. त्यांचा उजवा हात धोतरावर घासला जात होता, तेच तेच, डाग निघत नाही तसा.

"त्याचं नाव लिवू नका," ते म्हणाले.

"काय म्हणता?"

"मळणी मी केली."

पंकजानं दोन्ही हातांनी विमानाचं पोट धरलं होतं.

"अण्णा, तुम्ही?"

"काल सांज झाली," दाजी म्हणाले. ते तिच्याशी नव्हे, जमिनीशी बोलत होते. "समद्या गावात मळणी चाललेली. हात कसे नुसते शिवशिवायले. चाळीस वर्सं ह्या टायमाला इथं उभा ऱ्हायलोय मी. दार काढून आत आलो. म्हनलं हे बी उद्या-परवा पयल्यांदाच कामाला जायचं. नदी वलांडून जायचं, वझं घिऊन. त्याला कोरडंच कसं जाऊ द्यायचं? मंग मळलं दोन्हीकडनं. आवतण बी दिलं."

"मग सकाळी का नाही बोललात?"

"मला कुठं ठाव लोण्यानं फाटतंय म्हनून! आन् सांगू कसं? समद्या गावात त्याला नावं ठिवत फिरनारा मीच." मान वर न करता ते म्हणाले, "तुजं विमान मीच फाडलं, पंकजा."

पंकजा रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी इतकं काही आलं की मला बघवेना. उद्याचं उड्डाण गेलं म्हणून हळहळ होती आणि तीन वर्षं जे मिळालं नाही ते हाती आलं म्हणून भांबावलेपण होतं. मला तिचा हेवा वाटला, खरंच सांगते.

दाजी बजरंगसमोर गेले. ताठ माणसाला वाकायला वेळ लागतो, त्यांनाही लागला. "पोरा, तुज्यावर आळ घेतला मी. नाहक घेतला. माफ कर."

बजरंग गोंधळून म्हणाला, "आसं नका करू, मालक." मग वळून, एकदम कामाच्या आवाजात, "ताई, रबर एका जोडीपुरतं उरलंय. आत्ता बसलो तर दिवस मावळायच्या आत कातडं चढंल. गोंद सकाळपर्यंत धरंल. पर बरगड्या वाकवून धरायला जोर पायजे, दोन माणसं पायजेत."

हरिओम पुढं आला. "मी धरतो," तो म्हणाला आणि बजरंगकडे न बघता बाह्या सारल्या. मी म्हणाले, आधी त्याच्याकडे बघून बोल. तो बोलला.

दुसरी बरगडी दाजींनी धरली. त्याआधी त्यांनी मोरीवर दोनदा साबणानं हात धुतले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला आम्ही सगळे माळावर होतो. पुण्याची गाडी रस्त्यावरून वळताना दिसत होती आणि वारं अंगावर येत होतं. मला एका जागी उभं राहवेना. बजरंगनं तारा जोडल्या. पंकजानं बटण दाबलं, पंख सावकाश खाली वाकला, वर झाला, पुन्हा सरळ झाला. कातडं कुठंही सुरकुतलं नाही.

दाजी दहा पावलं लांब उभे होते. ते पुढं आले, पंखापाशी थांबले, आणि हात पाठीमागं धरून विचारलं, "मंग ह्याला लावायचं तरी काय असतंय?"

"काही नाही, अण्णा," पंकजा म्हणाली. "नुसता हात ठेवा."

त्यांनी धोतराला हात पुसला, तीनदा पुसला, आणि ठेवला.